जिन्याच्या भिंतीवरचा कवी

फ्लेक्स आले तेव्हा मी सातवीत होते. अप्पा बोर्ड रंगवायचे. देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्यांच्या, सोनारांच्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. दोन वर्षांत त्या उतरल्या आणि त्यांच्या जागी दात दाखवणारे फ्लेक्स चढले. अप्पा महिना महिना घरी बसून राहू लागले. आई दोन घरची धुणीभांडी करून आली की आमचा नाश्ता व्हायचा, तोही रोज नाही. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, हे मामा प्रत्येक लग्नात सांगायचे. ऐकून पोट भरत नव्हतं.

उरल्या त्या शाळा-कॉलेजांच्या भिंती. तिथे सुविचार लागतात. अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. खडूने दोन रेघा मारून कागदावरचं अक्षर ते चित्रासारखं उतरवतात, एक वळण चुकत नाही. मी बी.ए.ला गेले त्या कॉलेजच्या जिन्याची भिंत त्यांचीच. तिच्यावर एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन कवीचं वाक्य होतं. हसतमुख राहा, यश आपोआप येईल, असलं काहीतरी. खाली लाल रंगात कवीचं नाव. मैत्रिणींना मी मुद्दाम त्या जिन्याने न्यायचे.

तिसऱ्या वर्षी तोच कवी अभ्यासाला आला. सरांनी ‘कवीचं शहाणपण’ असा मथळा देऊन पहिल्याच दिवशी ते वाक्य लिहून दिलं. मी लायब्ररीतून त्याच्या सगळ्या कवितांचं जाड पुस्तक आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन अडीच महिने वाचलं. अर्धं कळलं नाही. जे कळलं त्यात सुतार होते, नावाडी होते, घामाचा वास होता, मेलेले सैनिक होते. हा माणूस कुणाला हसत राहा म्हणून सांगेल, असं वाटेना. ते वाक्य कुठेच नव्हतं. पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. त्याचं गद्यही पाहिलं. नव्हतंच.

सरांना हे सांगितलं, तर ते चहाचा घोट घेत म्हणाले, “माहीत आहे मला. मोबाइलवर फिरतं ते. परीक्षेत मात्र लिही हां, मार्क आहेत त्याला.”

मला शिसारी आली. त्यांना माहीत नसतं तर मी समजून घेतलं असतं.

प्रिन्सिपॉलकडे गेले. “नोडम्मा,” ते म्हणाले, म्हणजे कानडीत बघ बाई, “पुढच्या आठवड्यात तपासणी कमिटी येतेय. कमिटी भिंत बघते, पुस्तक नाही. मोठ्या माणसाचं नाव असलं की वजन येतं.” आणि हसले. त्या हसण्याची किळस आजही जात नाही. मेलेला माणूस तक्रार करायला येणार नाही, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

अप्पांना सांगायला मी चार दिवस घाबरले. त्याच कॉलेजची कंपाउंडची भिंत त्यांना मिळणार होती. शेवटी सांगितलं. ते ब्रश धूत होते.

“म्हणजे मी खोटं नाव घातलं?”

“तुम्हाला काय ठाऊक, अप्पा. कागदावर होतं ते घातलंत.”

“पण हात माझा, अल्लवा? माझाच ना?”

अप्पांचा एक जुना राग आहे. पेंटर लोक पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपली सही टाकतात. टी. नरसीपूर गावात त्यांनी रंगवलेल्या कमानीवर दुसऱ्याच पेंटरने आपली सही मारली होती. अप्पा बस पकडून गेले आणि भर बाजारात भांडून आले.

“त्याने माझं काम स्वतःच्या नावावर घेतलं,” ते म्हणाले. “हे लोक आपला कचरा त्या बिचाऱ्याच्या नावावर टाकतायत. काय फरक ग? दोन्ही चोऱ्याच.”

कमिटी यायच्या आधी जिन्यातली ओल झाकायला अप्पांना बोलावलं. मी शिडी धरली होती. ओल झाकून झाल्यावर त्यांनी उरलेला भिंतीचा रंग घेतला आणि त्या लाल नावावर दोन हात मारले. प्रिन्सिपॉल वर येत होते, ते थांबले.

“ए पेंटर, नाव कुठे गेलं?”

“हे ज्यांनी लिहिलं त्यांचं नाव आणून द्या, सर. आत्ता घालतो.”

“मुलीने शिकवलं वाटतं?”

“मुलगी अजून शिकतेय, सर. शिकवायला वेळ आहे तिला.”

प्रिन्सिपॉल वर गेले. कंपाउंडची भिंत दुसऱ्या पेंटरला दिली. कमिटी आली आणि फोनवर बोलत जिना चढून गेली. भिंतीकडे एकानेही मान वळवली नाही. एवढ्यासाठी हे लोक एका कवीच्या तोंडी वाटेल ते घालायला तयार होते!

परीक्षेत कवीच्या शहाणपणावर प्रश्न आला. मी सुतारांबद्दल लिहिलं, सैनिकांबद्दल लिहिलं, आणि ते प्रसिद्ध वाक्य त्याचं नाही हेही लिहिलं. त्या पेपरात मला सगळ्यात कमी मार्क पडले.

त्या वर्षी मी बी.ए. पास झाले, आमच्या घरातली पहिली. भिंतीवर ते नाव पुन्हा कुणी घातलं नाही.