जमनीचा ढावलो

मी तांडा सोडला तेव्हा कुणी रडलं नाही. सत्तावन्न साल होतं, उन्हाळा सरत आला होता. बानं गाडी जुंपली, माझी पत्र्याची ट्रंक मागं ठेवली. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. बाया आपापल्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचा तरी काय दोष? आम्हा बंजाऱ्यांची, गोरांची, पोरगी घर सोडते ती एकदाच, लग्न होऊन, आणि सोडताना ढावलो गाते. नागपूरला मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायला निघालेल्या पोरीसाठी काय गायचं, हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नव्हतं. फुलसावंगीला मोटार आली तेव्हा बा आमच्या बोलीत म्हणाला, "रडली नाहीस तू. असं कोरडं जाऊ नये." मी हसले होते. अठरा वर्षांची होते आणि सातवी पास होते, शहाणपणाला आणखी काय लागतं?

तुमच्यापैकी जे तांड्यावर राहिले त्यांना ढावलो काय ते सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले, ज्यांची पोरं शहरात आपली बोली विसरत चालली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. ढावलो म्हणजे रडणंच, पण सुरातलं. नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि ज्याच्या गळ्यात पडली त्याच्यासाठी तिथल्या तिथं शब्द जुळवून रडते. महिनाभर आधीपासून जाणत्या बाया तिला शिकवतात. चाल पिढ्यांची असते, शब्द तिचे स्वतःचे. मेलेल्या माणसासाठीही आमच्याकडं त्याच चालीत रडतात. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? लग्नाचा ढावलो जिचा तीच गाते. एखादीचं नाव घेऊन दुसरीच कुणी रडू लागली, तर जिचं नाव घेतलं ती गेली असं समजायचं. आमच्या तांड्यात हे लहान पोरीलाही कळतं. मलाही कळत होतं. शहरात पाच वर्षांत मी ते विसरले.

जमनी माझी थोरली बहीण. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं. त्या वर्षी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला म्हणे. आमच्या घरातून फक्त जमनी गेली, बोरी अरबकडच्या एका तांड्यात. बैलाच्या पाठीवर उभं राहून ती गायली तेव्हा वाटेनं जाणारे कुणबी गाड्या थांबवून ऐकत राहिले. त्याआधी याडीच्या गळ्यात पडून ती जे रडली ते मी त्याच आठवड्यात शाळेच्या वहीत लिहून ठेवलं. 'याडी, तुझी जमनी चालली, चुलीपुढची माझी जागा सारवू नको.' ढावलो कुणी लिहून ठेवत नाही. रडून झालं की तो संपला. मला मात्र लिहिता येत होतं ना, मग हात कसा गप्प बसेल.

आता लोक मला विचारतात, बाई, गाणं कुणाकडून शिकलात? चारचौघांत मी एखाद्या गुरुजींचं नाव घेते आणि सुटते. खरं ते इथं लिहिते. चाल जमनीची. लहानपणी दोघी शेतात कापूस वेचायचो, तेव्हा ती पुढच्या ओळीत गात जायची आणि मी मागून शब्द सुचवायची. घरी आलो की ती पितळी थाळी उपडी घालून चमच्यानं ताल धरायची. लय बाची. त्याच्या वडिलांनी लदेणीचे बैल हाकले होते, मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले होते. बाच्या वाट्याला बैलांऐवजी काळी जमीन आली, पण चालायचा तो लादलेल्या बैलाच्याच पावलानं, आणि पुढच्या बैलाची घंटा त्यानं जपून ठेवली होती. ती मी ट्रंकेत घालून आणली. विचारून आणली, एवढं तरी खरं आहे.

नागपुरात हॉस्टेलच्या मागच्या गल्लीत गुणवंतमास्तर पेटी शिकवायचे. गरीब माणूस, दमेकरी, सुरासाठी कुणाशीही भांडणारा. मी पहिल्यांदा जमनीची चाल गुणगुणले तेव्हा त्यांनी पेटीवर चार-पाच वेळा बोटं फिरवली आणि हात काढून घेतला. "बाई, हा सूर पेटीत नाही. दोन पट्ट्यांच्या मधात राह्यतो तो." मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. पेटी वाजवायची सोडून त्यांनी एकच सूर धरून ठेवला, भाता हलकेच हलवत, आणि मला म्हणाले, आता तुला जिथं जायचं तिथं जा. तालाला तबला नाही, बाची घंटा. दोन वर्षं आम्ही अशी गाणी बांधली. शब्द मी मराठीत करायची. नोकरी लागली, शाळा झाली की मी मास्तरांकडं पळायची. पुढं रेडिओवर ऑडिशन दिली, पास झाले. त्या दिवसांत मी सुखी होते, हे लपवत नाही.

बासष्ट साली माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठरला. त्यात मी जमनीचा ढावलो घेतला. मराठीत केला, पण नाव तसंच ठेवलं. मास्तरांनी विचारलं, ही जमनी कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, मग नाव गाळू नको, तेवढंच तिच्या पदरात पडेल. मलाही तेच वाटत होतं. रेडिओवर गायिकेचं नाव सांगतात, पेटीवाल्याचं सांगतात, पण जिनं ते गाणं रडून काढलं तिचं कोण सांगणार? म्हणून मी तिचं नाव ओळीओळीत ठेवलं. चोरी करत नाही हे स्वतःला पटवण्यासाठी ठेवलं, असंही म्हणा.

बाला पत्र टाकलं. फुलसावंगीच्या पंचायतीत रेडिओ आला होता. अमुक दिवशी संध्याकाळी याडीला घेऊन तिथं जा, नक्की जा, एवढंच लिहिलं. कोणतं गाणं ते लिहिलं नाही, त्यांना अचानक आनंद द्यायचा होता ना! आपल्याकडं वाईट बातमीचं पत्र कसं असतं हे मला आठवायला हवं होतं. कोण गेलं ते त्यात कधी नसतं. ताबडतोब या, एवढंच असतं.

बाजाराचा दिवस होता. पंचायतीसमोर माणसं जमली होती. माझा आवाज आला आणि याडी आधी हसली म्हणे, शेजारणीला म्हणाली, माझी पोरगी. मग चाल सुरू झाली, मग नाव आलं. याडी तिथंच मातीत बसली. धाकटी बहीण थोरलीचं नाव घेऊन ढावलो रडते आहे, मुद्दाम पत्र धाडून ऐकायला बोलावते आहे, याचा दुसरा अर्थ काय काढायचा? शहरातलीला खबर आधी लागली असेल, असं बालाही वाटलं. दुसऱ्या दिवशी याडी, तांड्यातल्या सात बाया आणि बा मोटारीनं निघाले. पुसद, दारव्हा, बोरी अरब. कंडक्टरनं रडणाऱ्या बायांना पुढं बसायला जागा दिली. तिकडच्या तांड्याच्या वेशीपासून त्यांनी गळा काढला, छाती बडवत जमनीच्या अंगणात शिरल्या, आणि जमनी कडेवर तान्हं घेऊन दारात आली.

जिवंत सुनेच्या दारात तिच्या नावानं मरणाचं रडणं. सासूनं काय बोलायचं ठेवलं असेल? याडीनं पाय धरले, बानं पागोटं काढून ठेवलं. त्याच महिन्यात जमनीचं तान्हं गेलं. ताप होता. तापानं पोरं जात होती तेव्हा, आजही जातात. पण त्या घराला ताप दिसला नाही, रडणं दिसलं. जमनीला पुन्हा माहेरी धाडलं नाही. फुलसावंगीच्या गुरुजींच्या हातचं बाचं कार्ड मला आलं. "जमनी जिती आहे. पोरगं गेलं. आता पत्र धाडू नको." बाकीचं मला गावच्या एका बाईकडून कळलं, ती औषधपाण्यासाठी नागपूरला आली होती तेव्हा. मी जमनीला तीन पत्रं लिहिली. तिला वाचता येत नव्हतं, आणि तिच्या घरात वाचून कोण दाखवणार?

सहासष्ट साली याडी गेली. मी पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं आणि बाया गोल बसल्या होत्या, गप्प. आमच्यात पहिला सूर लेकीनं लावायचा, थोरलीनं, मग बाकीच्या मिसळतात. जमनी समोर बसली होती. मरणाला तरी तिला धाडलं होतं. चार वर्षांत ती चाळीशीची दिसू लागली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. दोघी बहिणी इतक्या दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून रडतात, मी हात पुढं केला. तिनं माझ्याकडं पाहिलं. आम्ही जन्मात एकमेकींशी आमच्या बोलीशिवाय बोललो नव्हतो. मराठी बाजारात, परक्या माणसाशी. ती मराठीत बोलली.

"तूच रड नं आता. तुले दुसऱ्याचं रडता येते."

सगळ्यांनी ऐकलं. मी तोंड उघडलं. रेडिओवर माईकसमोर उभी राहणारी मी, माझ्या गळ्यातून हवासुद्धा आली नाही. दोन लेकी बसलेल्या असताना तिसरीनं सूर लावायचा रिवाज नाही. बानं थोडा वेळ वाट पाहिली, मग उचला म्हणाला. याडी कोरडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनीनं घर सारवायला घेतलं. मी दारात उभी होते. चुलीपुढं एका बाजूला तिची जागा, दुसऱ्या बाजूला माझी, जिथं बसून मी कंदिलापाशी वही लिहायची. याडीनं दहा वर्षं त्या दोन जागा सोडून सारवलं होतं, दोन्हीकडं जुन्या शेणाचे गोल तसेच होते. म्हणजे लग्नातलं ते रडणं तिनं शब्दशः पाळलं होतं, आणि माझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं तरी माझंही पाळलं होतं. जमनीनं आधी स्वतःची जागा सारवली. मग हात न थांबवता माझी.

मी अजून गाणी बांधते. मास्तर आता उठून बसू शकत नाहीत, पडल्यापडल्या सूर धरतात. घंटा टेबलावर आहे. गाण्यांत मी कुणाचं नाव घालत नाही. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी फुलसावंगी सांगते, पण आपलं नाव घेऊन कुणी सूर लावेल ते घर, हे मला पक्कं ठाऊक आहे. जमनी आधी गेली तर तिच्यासाठी रडायचा हक्क मला उरलेला नाही, तो मी ती जिवंत असतानाच वापरला. आणि मी आधी गेले तर मीही याडीसारखीच कोरडी जाईन. बानं मला फुलसावंगीच्या मोटारीत बसवताना सांगितलंच होतं.