सरकारमान्य चिमटा

"हे चिमटे आज संध्याकाळपर्यंत इथून गेले पाहिजेत."

"मग मीही जाते. एकाच टेम्पोत टाका आम्हाला."

"बाई, मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? टेम्पो बोलवा."

रुग्णालयाचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, रेकॉर्ड रूमच्या दारात उभे होते. आत माझी आत्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरची फाइल ओढत होती. मोठे डॉक्टर पदानं मोठे, उंचीनं बेताचे. त्यातून आत्या स्टुलावर. त्यामुळे सगळं भांडण ते तिच्या चपलांशी करताहेत असं दिसत होतं.

रेकॉर्ड रूममध्ये जमिनीपासून छतापर्यंत पेशंटच्या फायली होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा लावलेला होता. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. नवीन माणसाला वाटायचं, इथे कागद धुऊन वाळत घालतात की काय.

"उद्या निधीचे साहेब तपासणीला येताहेत," डॉक्टर म्हणाले. "सरकारनं आरोग्य माहिती तंत्रज्ञानासाठी एवढा निधी दिला, सात कॉम्प्युटर आले, आणि त्यांना इथे काय दिसणार? धोब्याचं दुकान."

"कॉम्प्युटर आहेत की. रोज पुसते मी."

"ते वापरायचे असतात."

"वापरतेही. एकाच नावाच्या दोन बायकांचे कागद मी अकरा वर्षं एकाच फायलीत लावत होते, ते त्यानंच दाखवलं. खोटं कशाला बोलू. पण त्याला जागं व्हायला सात मिनिटं लागतात, डॉक्टर. लाल चिमटा दारातून दिसतो."

या लाल चिमट्याची गोष्ट अशी. आत्या नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं. एका पेशंटबाईला सुई द्यायला सिस्टर निघाली, आणि ते औषध त्या बाईला चालत नव्हतं. तसं फायलीत लिहिलेलं होतं, पण तिसऱ्या पानावर आणि डॉक्टरी अक्षरात. ते अक्षर लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. आत्याला ते योगायोगानं आठवलं आणि ती पळत वॉर्डात गेली. सुई थांबली. बाई आपल्या पायांनी घरी गेली.

आत्या घरी आली, चहासुद्धा घेतला नाही. सरळ गॅलरीत गेली आणि दोरीवरचे सगळे चिमटे काढून पिशवीत भरले. त्या दिवशी काकांचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, दोन शर्ट शेजारच्यांच्या गच्चीवर राहायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून लाल चिमटा म्हणजे ‘या माणसाला एखादं औषध चालत नाही, आधी वाच, मग सुई उचल’. पिवळा म्हणजे साखर. हिरवा म्हणजे हृदय. इथे एखादी शहाणी बाई थांबली असती. आत्याला मात्र दर महिन्याला काहीतरी नवीन सुचायचं. पांढरा चिमटा म्हणजे ऐकू कमी येतं. पांढरा उलटा म्हणजे ऐकू येतं, पण सोंग करतो. दोन चिमटे शेजारी शेजारी म्हणजे सोबत सासूबाई येतात, दुपार मोकळी ठेवा. एकदा सिस्टर म्हणाली, "जो बरा झाला तरी घरी जात नाही त्याला काय लावू?" आत्यानं दोन दिवस विचार करून त्याला लाकडी चिमटा दिला.

यातल्या कशालाही कुणी निधी दिला नव्हता. सगळा भार काकांच्या शर्टांनी उचलला.

"मला एक सांग," काका एकदा जेवताना म्हणाले, "लग्न झालं तेव्हा या घरात चिमटे होते ना?"

"होते."

"मग तू मला बघून हो म्हणालीस की त्यांना?"

"दोघंही टिकाऊ वाटलात."

निधी आला आणि त्याच्याबरोबर त्याच्या अटीही आल्या. सरकारला रुग्णालयांत नवनव्या कल्पना हव्या होत्या. म्हणून दर तीन महिन्यांनी प्रत्येक विभागानं कॉम्प्युटरमध्ये एक नवकल्पना भरायची. पडद्यावर चौकोन यायचा, ‘नवकल्पना निवडा’, आणि खाली सहा तयार कल्पनांची यादी.

"यादीतून निवडायची, तर ती नवी कशी?" आत्यानं एकदा विचारलं होतं.

"बाई, चौथी निवडा. आपली तिसरी झालीये."

"आणि माझे चिमटे कितवे?"

"चिमटे यादीत नाहीत. जे यादीत नाही ते भरता येत नाही."

दोन वर्षं आत्यानं आज्ञाधारकपणे एक ते सहा आणि परत एक असं भरलं. निधीचं कौतुकपत्रही आलं. मोठ्या डॉक्टरांनी ते फ्रेम करून आपल्या खुर्चीमागे लावलं.

तर तपासणीसाठी टेम्पो काही आला नाही. तह असा झाला की फायलींसमोर वॉर्डातल्या चादरी पडद्यासारख्या सोडायच्या आणि आत्यानं तोंड उघडायचं नाही. निधीचे साहेब आले. शिडशिडीत, थकलेले, त्या आठवड्यातलं हे त्यांचं नववं रुग्णालय होतं. ते कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर ‘कृपया थांबा’ आलं. साहेब थांबले, त्यांना सवय असावी.

तेवढ्यात सिस्टर धावत दाराशी आली. "बाई, पाच नंबरच्या आजोबांना कोणता आहे हो?"

आत्यानं चादर बाजूला केली. "लाल. सुई देऊ नकोस, आधी डॉक्टरांना दाखव." फाइल गेली, चादर पडली. चार सेकंद. कॉम्प्युटर अजून थांबाच म्हणत होता.

साहेबांनी मान वळवली. "त्या चादरीमागे काय आहे?"

"कपडे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"कुणाचे?"

साहेब उठले, चादर उचलली आणि जमिनीपासून छतापर्यंत एकेक फळी बघितली. मग आत्याला एकेक रंग विचारला. उलट्या पांढऱ्यापाशी ते हसायला लागले ते थांबेचनात.

"हे यादीत नाही," साहेब म्हणाले. हरवलेली म्हैस दारात येऊन उभी राहिल्यावर माणूस बोलतो तसा त्यांचा आवाज झाला होता. "दोन वर्षं मी त्याच सहा गोष्टी वाचतोय, बाई. हे यादीत नाही."

"मी सुरुवातीपासून या उपक्रमाच्या पाठीशी आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"खरंय," आत्या म्हणाली. "चादरीही त्यांनीच दिल्या."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, ‘हे मी वर पाठवतो’ म्हणाले आणि शब्द पाळला. हे विशेष म्हणायचं, कारण तिथूनच गडबड झाली. आठ महिन्यांनी चाळीस खोकी आली. प्रत्येकावर छापलेलं होतं ‘डिजिटल चिमटा’. सोबतच्या पत्रात हुकूम होता, जुने चिमटे भांडारात जमा करावेत. ते सकाळीच पोत्यांत भरून गेले, आणि वॉर्डातल्या फायलींना पहिल्या खोक्यातले नवे लागले. दुपारी जेवण करून आल्यावर आत्यानं स्वतःच्या हातानं दुसरं खोकं उघडलं. मग तिसरं. मग चौथं.

"डॉक्टर, हे सगळे निळे आहेत."

"हो. छान आहेत ना?"

"लाल कुठे आहेत?"

"चार रंग म्हणजे चार वस्तू, बाई. चार वस्तू म्हणजे चार निविदा. म्हणून वरून एकच रंग ठरला. पण प्रत्येकावर बारकोड आहे, बघा. हे यंत्र धरायचं, की त्या पेशंटची सगळी माहिती पडद्यावर."

आत्यानं यंत्र धरलं. पडद्यावर ‘कृपया थांबा’ आलं.

"ही तुमचीच कल्पना आहे," डॉक्टर म्हणाले. ते खरंच खुशीत होते. "सरकारनं उचलून धरली. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

"रंग."

"रंग, रंग. आणि उद्या तुम्ही नसलात तर? उलटा पांढरा म्हणजे काय, हे तुमच्याशिवाय कितीजणांना ठाऊक आहे? तुम्हाला ताप आला की अर्ध्या रुग्णालयाला काही कळत नाही. यंत्रात असलं तर ते राहतं. आता एकोणीस रुग्णालयांत लागणारेत हे चिमटे. निधी नसता तर हे या खोलीच्या बाहेर गेलं असतं का?"

आत्यानं यंत्र टेबलावर ठेवलं. "नसतं गेलं," ती म्हणाली. "हे तुम्ही बरोबर बोललात."

"मग झालं तर."

"एकोणीस ठिकाणी निळेच?"

"निळेच."

"आणि सुई भरून सिस्टर उभी असेल, आणि हे म्हणणार, थांबा."

"थांबा म्हणतंय तर थांबावं."

"ते पेशंटच्या छातीला सांगा. आत्ता वॉर्डात तीन माणसं आहेत लालवाली. तिघांच्या फायलींना निळा लागलाय. कोण ओळखणार?"

"तीन वर्षं त्यात काही बदलायचं नाही, असं पत्रात स्पष्ट आहे. रंग, आकार, उपयोग, काहीही नाही. आधी वापर सिद्ध होऊ दे. पुढे तुम्हाला काही सुचलं तर रीतसर प्रस्ताव द्या."

"मला दर महिन्याला सुचतं."

"मग आता दर तीन वर्षांनी सुचू द्या."

इतका वेळ सिस्टर दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. लाल नेलपॉलिश. ड्यूटीवर नखं रंगवायला बंदी होती, त्यामुळे ते पर्समध्येच सुकत चाललं होतं. आत्यानं बाटली तळहातांत चोळून गरम केली, झाकण उघडलं, एक निळा चिमटा घेतला आणि त्याच्या दोन्ही पायांवर लाल ब्रश फिरवला. मग त्यावर फुंकर मारली.

"हे काय करताय?"

"वाळवतेय."

"बाई, हा बदल आहे."

आत्यानं दुसरा चिमटा घेतला. मग तिसरा. दारापर्यंत जाऊन, एक डोळा मिटून, तिन्ही दिसतात का ते बघितलं.

"शासकीय मालमत्ता आहे ती. परवा साहेब बघायला येताहेत. मी त्यांना काय सांगू? बाई, मी तुम्हाला विचारतोय. कुणाच्या परवानगीनं?"

आत्यानं तिन्ही चिमटे ओले लागू नयेत म्हणून टोकांना धरले, बाटली पदराच्या टोकात बांधली, आणि डॉक्टरांना वळसा घालून ती वॉर्डाकडे चालू लागली.