पहिल्या पंगतीचा सराव

आमच्या टोकावड्यात लग्न कुणाचंही असो, वरणाची बादली आमच्या शेजारच्या काकांच्याच हातात. खांद्यावर टॉवेल, तोंडाने "घ्या, घ्या, लाजू नका!" आणि स्वतः जेवणार शेवटच्या पंगतीला, वाढप्यांबरोबर.

परवा सकाळी ते धापा टाकतच आमच्या ओट्यावर आले. लेकीने आईबापांसाठी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं तिकीट काढलं होतं आणि बोटीवरच्या रात्रीच्या जेवणाचं आजच कळवायचं होतं. एकतर रोज सगळ्यांत आधी, ठरलेल्या टेबलावर. नाहीतर हवं तेव्हा या, मिळेल तिथे बसा.

"तुमी सांगा, काय घेऊ?" असं मला विचारून उत्तरही त्यांनीच दिलं. "हवं तेवाच बरं. सगळ्यांचं आटपलं का मंग आमी बसू."

मागोमाग त्यांची बायको, आमच्या काकू, आल्या. "तुमी बोटीवर वाढायला नाय चाललात! ठरलेलं टेबल सांगा. लग्न झाल्यापासून एकदा तरी माझ्या बाजूला बसून गरम जेवलात का?"

ते एकदम हसले, "चला, पयली पंगत तर पयली पंगत!" आणि तिथूनच लेकीला फोन लावला, इतक्या मोठ्याने की बोटीवर थेट ऐकू जावं.

रविवारी धसई गावातल्या लग्नात ते खरंच पहिल्या पंगतीला काकूंशेजारी बसले. "सराव करतोय," मला म्हणाले. तेवढ्यात वरणाची बादली जवळ आली आणि ते अर्धे उठलेच.

काकूंनी मान न वळवता त्यांचा सदरा धरून खाली ओढला.