दिवेलागणीचं विरजण

महांतप्पा मापाडी आणि पार्वतम्मा यांची पहिली भेट झाली, तेव्हा मुरुमच्या वेशीवरची कबुतरं जी उडाली ती म्हणे थेट आळंदला जाऊन बसली. चावडीत झोपलेला शिपाई नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा जागा झाला. माळावर चरणारी एक दुभती म्हैस भीतीनं जागच्या जागी आटली, आणि सहा महिने आटलेली दुसरी होती तिला पान्हा फुटला. हैदराबादच्या दरबारापर्यंत तेवढा आवाज गेला नाही, तोही त्या दिवशी वारा उलटा होता म्हणून.

तसं पाहिलं तर प्रसंग साधा होता. संध्याकाळची वेळ. वेशीबाहेरच्या वस्तीतलं शेवटून दुसरं घर. दारात हातात पितळी वाटी धरून उभा असलेला पिवळ्या पटक्याचा एक लांबलचक माणूस, आणि आतून मुसळ उचलून धावत आलेली, त्याच्या दुप्पट रुंदीची बाई.

"घावला! घावला!" ती ओरडली.

कुणीतरी चोर घावला असेल, या समजुतीनं महांतप्पाही उत्सुकतेनं मागं वळून बघू लागला. मुसळ पटक्याला चाटून ओट्यावर आदळलं, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की घावलेला माणूस आपणच.

तो चोर नव्हता. बायको-पोरीसाठी चांगला शेजार शोधत होता.

महांतप्पा मुरुमच्या मोंढ्यात धान्य मोजायचा. सगळ्या मापाड्यांसारखा तोही पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे, पण असा म्हणे की अर्ध्या कोसावरच्या शेतातली बाई खुरपं टाकून "मोंढा उघडला" असं सांगे. मोजणीत तो कधी चुकला नव्हता. ज्वारीची रास केवढीही असो, मध्ये कुणी भांडो, बैल उधळो, लढाईच्या बातम्या सांगत कुणी येवो, महांतप्पाचा आकडा हलत नसे. त्यामुळं जगातली कोणतीही गोष्ट नीट मोजली की कळते, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

राहायला मात्र तो मिरचीच्या वखारीवरच्या माळ्यावर होता. एकटा होता तोवर चालून गेलं. दहा वर्षांत त्याच्या नाकानं मिरचीशी तह केला होता. मग लग्न होऊन बेंबळीची नागम्मा त्या माळ्यावर आली. उंबरा ओलांडताना नाव घ्यायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि जी शिंकायला लागली, ती सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी जाईपर्यंत थांबली नाही. बैलगाडी मुरुमच्या शिवेबाहेर गेली, तेव्हा तिनं नवऱ्याला पहिलं अखंड वाक्य ऐकवलं, "अवो, तुमचा आवाज चांगला हाय की!"

बेंबळीला मुलगी झाली. नाव इरम्मा. आणि तिसऱ्या महिन्यात नागम्माची चिठ्ठी आली. गावच्या मास्तरांनी लिहून दिली होती, पण बोल तिचेच होते:

"लेकराला घेऊन त्या माळ्यावर मी येणार न्हाय. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दुसरं घर बघा. न्हायतर इरम्माचे कान हितंच टोचू, शाळा बी हितंच आणि लगीन बी हितंच. घर कसलंबी असूं द्या, भिंत पडली तर लिंपून घेऊ. शेजार तेवढा बघून घ्या. गल्लीत जावा आणि एकाद्या घरी विरजण मागा. जी बाई अनोळखी माणसाला वाटीभर विरजण देती, ती लेकरू तापलं तर धावून बी येती. ह्याच्यापरीस जास्त तुमाला काय कळनार न्हाय, म्हणून एवढंच सांगते."

महांतप्पानं चिठ्ठी तीनदा वाचली आणि तो खूश झाला. शेजार म्हणजे काय हे त्याला कधी कळलं नव्हतं, पण वाटी म्हणजे माप, आणि मापातलं त्याला सगळं कळत होतं. फक्त ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. मोंढ्यात खंडीनं ज्वारी मोजणारा माणूस दारोदार विरजण मागतो हे कळलं असतं, तर बाकीच्या मापाड्यांनी त्याला वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं असतं.

मोंढ्यातलं काम सुटे ते दिवे लागायच्या सुमारास. तिथून तोंड धुऊन, पटका नीट बांधून, लग्नातली वाटी घेऊन महांतप्पा शेजार मोजायला निघे.

पहिली गल्ली वेशीच्या आतली, दगडी जोत्यांच्या घरांची. 'लाभ,' तो मनात म्हणाला आणि कडी वाजवली. बाईनं दार उघडलं, वाटीकडं पाहिलं, "विरजण" हा शब्द ऐकला आणि दार असं लावलं की वाटी घंटेसारखी घुमली. दुसऱ्या घरी म्हातारीनं "न्हाय बाबा न्हाय, आत्ता न्हाय" म्हणत देव्हाऱ्याकडं हात जोडले. तिसऱ्या घरी दिवा विझवून सगळी माणसं गप्प बसली. महांतप्पानं ती गल्ली खोडली. एवढी मोठी घरं आणि चमचाभर दही सुटत नाही!

मग कचेरीमागची गल्ली झाली. तिथं सरकारी कारकून राहायचे. एका कारकुनानं बाहेर येऊन त्याला बसायला पाट दिला, पान दिलं, बाळबच्चे विचारले, आणि इतक्या अदबीनं नकार दिला, की महांतप्पा तीनदा सलाम करून कोपऱ्यापर्यंत आला तेव्हा कुठं त्याला वाटी रिकामी असल्याचं कळलं. पान चांगलं होतं, पण लेकरू तापल्यावर पान काय कामाचं? तीही गल्ली गेली. त्यानंतर तेल्यांची आळी, त्यानंतर बाजारपेठ. पंधरा दिवसांत महांतप्पानं निम्मं मुरुम मोजलं. माप एकदाही भरलं नाही.

सोळाव्या दिवशी त्याचा जोडीदार मापाडी महारुद्र भाकरी सोडता सोडता म्हणाला, "ऐकलं का? गावात चेटक्या आलाय."

"चेटक्या?"

"व्हय. रोज सांजच्याला फिरतो. उंच हाय म्हणं, ताडासारखा. हातात वाटी असती. दारात हुभा राहतो आणि असा आवाज काढतो की पाळण्यातली लेकरं रडाया लागत्यात. करणी करतो."

महांतप्पानं मोडलेला घास खाली ठेवला. "कुठल्या गल्लीत?"

"दगडी गल्लीत दिसला, कचेरीमागं दिसला, तेल्यांच्या आळीत दिसला..."

"बघ!" महांतप्पानं मांडीवर थाप मारली. "म्या आधीच वळखलं होतं. त्या गल्ल्या चांगल्या न्हाईतच! असल्या ठिकाणी लेकरू वाढवायचं?"

आणि पाणी पिऊन त्यानं विचारलं, "माळावर दिसला का?"

"तिकडं अजून न्हाय गेला."

"मग माळ बराय," असं म्हणून महांतप्पा समाधानानं उठला.

माळावरची वस्ती वेशीबाहेर होती. कुठल्याशा प्लेगाच्या साली गाव मोकळं करून लोक तिथं झोपड्या घालून राहिले. साथ गेली, गाव परत वेशीत आलं; पण पाच-पंचवीस घरं तिथंच थांबली. का, तर वारा चांगला लागतो. वेशीतले लोक त्यांना हसत. तिथं पाणी लांब, बाजार लांब, रात्री कोल्हे येऊन ओट्यावर बसतात, आणि माळावर मुलगी द्यायची तर आधी तिला धनुष्यबाण शिकवावा लागतो, असं बोललं जाई. माळावरचे लोक उलट म्हणत की वेशीत एकानं जांभई दिली तर चार घरांची तोंडं उघडतात, एवढी दाटी.

चेटक्याची बातमी माळावर पोचली होती. म्हणूनच शेवटून दुसऱ्या घरातली पार्वतम्मा गेले तीन दिवस दाराआड मुसळ घेऊन बसत होती.

दुसऱ्यांदा मुसळ वर गेलं, तसा महांतप्पा आपल्या मोंढ्यातल्या आवाजात ओरडला, "अव्वा, विरजण!"

मुसळ वरच थांबलं. पार्वतम्मा रागावली की कानडीत बोले आणि राग उतरला की मराठीत येई. आत्ता ती मध्येच कुठंतरी होती.

"एनप्पा? काय म्हणालास?"

"विरजण पायजे. वाटीभर."

"आत्ता? दिवे लागल्यावर?"

"मग कवा?"

तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. मग मुसळ खाली टेकवून तिनं विचारलं, "तुला आई न्हाय का रे?"

"न्हाय. चार वर्साचा होतो तवाच गेली."

"बहीण?"

"न्हाय."

"बायकू?"

"हाय. पर ती बेंबळीला हाय. तिनंच सांगितलं मागायला."

"मागायला सांगितलं, कवा मागायचं ते न्हाय सांगितलं! तिला काय ठाऊक, असा हुच्चा नवरा भेटलाय." हुच्चा म्हणजे खुळा, हे मुरुममध्ये कुणाला सांगावं लागत नाही. "आरं तम्मा, दिवा लागला की घरातलं पांढरं भाईर देत न्हाईत. दूध न्हाय, दही न्हाय, ताक न्हाय, मीठ सुदिक न्हाय. घरची लक्ष्मी जाती."

महांतप्पाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक झाला. "मग त्या दगडी गल्लीतल्या बाया..."

"शाण्या हाईत."

"आणि कारकून?"

"त्यो बी शाणा. गाव सगळं शाणं हाय. खुळा तेवढा तू." आणि मग एकदम सगळं ध्यानात येऊन ती म्हणाली, "म्हंजे त्यो चेटक्या तूच!"

महांतप्पाला हे अगदीच नवं होतं. तो ओट्यावर बसला आणि चेटक्या कसा असतो ते आठवू लागला. उंच, हातात वाटी, आवाज मोठा. एकेक खूण जुळत गेली, तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला. आणि पार्वतम्मा हसायला लागली. ती हसली ते मुसळाच्या आधारानं. मुसळ नसतं तर पडली असती. आतून तिचा नवरा शिवलिंगप्पा बाहेर आला, काय झालं ते न विचारता तोही हसला आणि परत आत गेला. त्या घराची तशी रीतच असावी.

महांतप्पा उठून निघाला, तर तिनं वाटी हिसकावून घेतली. "रिकामी वाटी घेऊन माज्या दारातनं जातूस? गूळ घे. गूळ लाल हाय, त्यो चालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढा ऐन रंगात होता. महांतप्पा ज्वारीच्या राशीपाशी बसून "अडतीस... एकोणचाळीस..." करत होता. तेवढ्यात माणसांच्या, बैलांच्या आणि पोत्यांच्या गर्दीतून पदर खोचून पार्वतम्मा आली. हातात झाकलेला मातीचा सट.

"कुठं हाय त्यो पिवळ्या पटक्याचा चेटक्या?"

महारुद्र पुढं आला. "अव्वा, हितं कुठला चेटक्या?"

"ह्यो काय, तुज्या म्होरं ज्वारी मोजतोय!"

महारुद्रानं आधी पटक्याकडं पाहिलं, मग उंचीकडं. "मर्दा! काल मी तुला तुजीच गोष्ट सांगत होतो व्हय?"

मोंढ्यात असा हशा पिकला, की अडत्यांनी गाद्या सोडल्या आणि हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. तेवढ्यात महांतप्पाचा आकडा चुकला. एकोणचाळीस की एकोणपन्नास ते त्याला आठवेना. रास पुन्हा 'लाभ'पासून मोजावी लागली.

"घे," सट त्याच्या पुढ्यात ठेवून पार्वतम्मा म्हणाली. "सकाळ हाय, आता पांढरं चालतं. आणि ऐक. माज्या शेजारचं घर रिकामं हाय. गळतं. परसात विंचू हाईत. आड लांब हाय. खोटं सांगून तुला आणायची न्हाय. बायकूला विचार आणि ये."

महांतप्पानं बायकोला विचारलं नाही. त्याच दुपारी जाऊन त्यानं घर ठरवलं. विरजण मात्र त्याला महारुद्राबरोबर भाकरीशी खाऊन टाकावं लागलं, कारण माळ्यावर दूध नव्हतंच. पंधरा दिवसांत कुणी खरंच वाटीभर विरजण दिलं असतं तर ते कशात घालायचं, हा विचार त्याला एकदाही शिवला नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी नागम्मा गाडीतून उतरली, नवऱ्याच्या हातात इरम्मा दिली आणि घराकडं पाहिलं. छपरातून आभाळ दिसत होतं. ती काही बोलणार, तोच शेजारच्या ओट्यावरून पार्वतम्मानं सगळी कथा पहिल्यापासून, मुसळासकट, माळाला ऐकू जाईल अशी सांगितली. नागम्मा जोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली. एकदाही शिंकली नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, "म्हंजे त्या समद्या गल्ल्या चांगल्याच होत्या की! पक्की घरं होती, दारात पाणी होतं. ती सोडून ह्ये का घेतलं?"

महांतप्पानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि जरा विचार केला.

"समद्यांनी दार लावून घेतलं," तो म्हणाला. "हिनं उघडलं. मुसळ घेऊन का असंना, पर उघडलं."

नागम्मानं पदर खोचला आणि चूल मांडायला ती आत गेली.

पुढं त्या घरात इरम्माच्या पाठीवर आणखी तीन मुलं झाली. छपरावर दोन वर्षांत पत्रे चढले. विंचू तेवढे होते तिथंच राहिले. बापाचा आवाज घेऊन आलेली चारही पोरं माळावर मोकळेपणानं ओरडत वाढली आणि कुणी तक्रार केली नाही, कारण पार्वतम्माच्या आवाजापुढं ती कुजबुजच होती. पोरं तापली तेव्हा पार्वतम्मा धावून आली. नागम्माशी भांडली तेव्हाही विरजण द्यायचं तिनं चुकवलं नाही, फक्त त्या दिवशी कानडीत दिलं. रोज भिंतीवरचं ऊन उतरायच्या आत महांतप्पा मोंढ्यातून ओरडे, "इरे, वाटी!", आणि माळावर इरम्मा वाटी घेऊन शेजारी पळे.

निजामी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी पार्वतम्मा आणि शिवलिंगप्पा मुलाकडं सोलापूरला राहायला गेले. घर एका शिंप्याला भाड्यानं दिलं. शिंप्याच्या घरी कुणी दही खात नसे, म्हणून मोंढ्यातली "इरे, वाटी!" बंद झाली.