शंकरनं न बदललेली काच

शंकर गेल्याचं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यालाच दटावलं, "खोटं बोलू नकोस!" थापा मारणं हे माझं खातं. शंकरच्या घराण्यात तो धंदा कधीच नव्हता, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचा कारखाना नवा होता, आणि जवळच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही काही पोरं जंतू ओळखायला शिकत होतो. शिकवणाऱ्या बाईंचा दरारा असा, की त्या खोलीत शिरल्या की निम्मे जंतू धसक्यानंच मरायचे. शंकर चाकणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. जंतू वाढवायच्या बशीत तो तारेनं अशा रेघा ओढायचा, की नांगराच्या बैलांनी बघून माना खाली घालाव्यात. "ह्याला मी इथंच ठेवून घेणार," बाई म्हणायच्या. शंकरला तरी जगात दुसरं काय हवं होतं!

एका सकाळी क्षयाचे जंतू रंगवण्याचा धडा होता. सरावाला ज्याचा त्याचा बेडका, काचेच्या पट्टीवर पसरून. आमच्या काचा निळ्याशार. शंकर मात्र सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीना. मी वाकून पाहिलं. निळ्यात लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू... क्षय असलेल्याला प्रयोगशाळा बंद, हा तिथला नियम.

बाई पाठमोऱ्या होत्या. "माझी काच घे, राव," मी कुजबुजलो. "औषधाचं गुपचूप बघू."

"न्हाई भावा. उद्या ह्याच हातानं लोकांच्या काचा बघायच्या हायत मला," तो म्हणाला आणि त्यानं बाईंना हाक मारली.

इंजेक्शनांनी तो खडखडीत बरा झाला, पण तोवर जागा भरली होती. मिळाली कुणाला? मला! शंकरनं पुढं जन्मभर एका कंपनीत खोकी भरली. मी त्याच्या टेबलावर केस पिकवले, आणि माझ्या रेघा शेवटपर्यंत वाकड्या त्या वाकड्याच. बाई माझी बशी उजेडात धरून गप्प राहायच्या... शिव्या परवडल्या असत्या.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी भाकरी-ठेचा वाढला, वर तेल घालायला बाटली उघडली. झाकण खाली ठेवलं नाही. करंगळीत दुमडून धरलं आणि त्याच हातानं बाटली उचलली. माझा घास हातातच राहिला. प्रयोगशाळेत जंतूंच्या काचनळीचा कापसाचा बोळा आम्ही असाच धरायचो. टेबलाला लागला की बाईंच्या लेखी तो बाद.

"वहिनी, हे कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? झाकण खाली ठिवायचं न्हाई, आमच्यात असंच हाय पयल्यापासनं."

पलीकडं त्याची नात पाण्याची बाटली उघडत होती. तिचीही करंगळी वाकली...