फाट्यावरचा कोरा दगड

भुजंग मैलकुली होता. म्हणजे निलंग्याजवळचा राज्यमार्गाचा आठ किलोमीटरचा तुकडा त्याच्याकडं: खड्डे बुजवायचे, कडेच्या बाभळी छाटायच्या, हिरव्या डोक्याच्या मैलाच्या दगडांना चुना मारायचा. वर गावांची नावं लिहायला पेंटर यायचा. पेंटर दारात आल्याबिगर चुन्याची बादली उचलायची न्हाई, असं बापानं बजावलं होतं. पण ऐकेल तो भुजंग कसला!

त्र्याण्णवच्या गणपतीत साहेब पाहणीला येणार, म्हणून यानं फाट्यावरचा दगड आधीच पांढराफेक करून टाकला. पेंटर गेला विसर्जनाला. अन् पहाटे भूकंप झाला.

उजाडता उजाडता देगलूरकडून डॉक्टरची जीप आली. फाट्यावर दगड कोरा, विचारायला माणूस नाही. चुकीच्या रस्त्यानं गेली ती थेट कर्नाटकाच्या हद्दीवर. दोन तासांनी परतली तेव्हा भुजंग दगडापाशीच उभा होता.

"कोण्या गाढवानं पुसली रे नावं?" ड्रायव्हर ओरडला.

"माहीत न्हाई," भुजंग म्हणाला. नखांत चुना होता म्हणून हात पाठीमागं लपवले. त्या दोन शब्दांची लाज त्याला आयुष्यभर पुरली. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

एकोणीस वर्षांनी त्याची मुलगी साक्षी मेडिकलच्या क्लासला लातूरला गेली. खोली मिळाली सुमनबाईंकडं. बाई भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावातल्या. दर रविवारी भुजंग डबा घेऊन यायचा, बाई त्याला आग्रहानं जेवायला बसवायच्या आणि सांगायच्या, "भाऊ, माझी लेक इंदू ढिगाऱ्यातून काढली तवा बोलत होती. देगलूरचा डॉक्टर आला, पण लई उशिरा. कुठं चहा ढोसत बसला होता मुडदा!"

दोन वर्षं भुजंग मान खाली घालून जेवला.

साक्षीचा मेडिकलला नंबर लागला. सामान न्यायच्या दिवशी बाईंनी शिरा केला. तो पाहून भुजंगला राहवलं नाही.

"बाई, डॉक्टर चहा पीत नव्हता. रस्ता चुकला होता. दगडावरची नावं मी पुसली होती. अन् इचारलं तवा माहीत न्हाई म्हणालो."

सुमनबाईंनी हातातली शिऱ्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "एकवीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या देत राहिले."

"चुकलं बाई. लई चुकलं."

"पोरीला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"मग तिला सांगा. डॉक्टर व्हायला निघालीय ती."

जिन्यावरून साक्षी बॅग घेऊन उतरत होती. भुजंगचे हात आपसूक पाठीमागं गेले. त्यानं ते पुढं घेतले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"साक्षे, बस जरा," तो म्हणाला.