वाजणारी फरशी

फरशीवाल्याला सगळी इमारत फरशीवाला म्हणूनच ओळखायची आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. कुणाच्याही घरी गेला की हा माणूस आधी खाली बघणार. घरचे लोक या-बसा म्हणतायत आणि हा उकिडवा बसून बोटाच्या पेराने फरशी ठोकतोय. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला की तोंड वाकडं करून म्हणायचा, "खाली माल नीट भरलेला नाही. वाजते ही." लोकांच्या नव्या घराच्या आनंदावर विरजण घालायची त्याला खोडच होती.

जन्मभर गुडघ्यांवर बसून कामं केल्यावर गुडघे कुठवर गप्प बसणार? एक दिवस त्यांनी सपशेल संप पुकारला. ऑपरेशन झालं, मुकादमाने दुसरा माणूस घेतला, आणि हा घरी बसला. त्याच सुमारास मुलगी झाली. बायको दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात कामाला होती. घर तिच्या पगारावर चालायचं, म्हणून बाळंतपणाची रजा संपल्याबरोबर ती कामावर गेली आणि पोर बापाच्या मांडीवर आली. आधी त्याला धड लंगोट बांधता येत नव्हता. पण पुढे पुढे असा तरबेज झाला की शेजारच्या बायका बाळाला पोटशूळ झाला तर यालाच विचारायला यायच्या.

पोर एका जागी ठरायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. बाप घरातल्या फरश्या उगाच ठोकत बसायचा, ते बघून तीही ठोकायला शिकली, आणि त्यातून दोघांचा खेळ झाला. भिंगरी टेबलाखाली लपायची. हा सगळ्या घरात शोधल्याचं नाटक करायचा आणि मग फरशीवर दोनदा टकटक करून विचारायचा, "आहे का कुणी घरात?" टेबलाखालून दोनदा टकटक यायचं आणि पाठोपाठ खिदळणं. हा खेळ आईला खेळता येत नसे. म्हणजे तिने एकदा ठोकून पाहिलं होतं, पण भिंगरीने खालूनच सांगितलं, "तू नाही. बाबा."

मग गुडघे बरे झाले. मुकादमाचा निरोप आला की मोठ्या इमारतीचं काम आहे, येतोस का. नाही म्हणायची सोय नव्हती. आता भिंगरीसाठी पाळणाघर बघणं आलं. बायको म्हणाली, "तुम्हीच बघून या. तिला काय लागतं, काय रुचतं, ते माझ्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक." एवढ्या विश्वासाने कुणी काम सोपवलं की माणसाने सरळ वागावं. पण सरळ वागायला मनात आधी काही वाकडं नसावं लागतं.

पहिलं पाळणाघर मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. चालवणारी एक आडव्या बांध्याची बाई, तिला सगळे मावशी म्हणत. फरशीवाल्याने दारातच खाली बघितलं आणि तोंड वाकडं केलं. रंगीबेरंगी तुकडे जमतील तसे बसवलेले, सांधे उघडे, उंबऱ्याजवळची एक फरशी तर पाय ठेवला की खटखट वाजत होती. मावशी जमिनीवर बसलेली. एक पोर तिच्या पाठीवर, एक मांडीवर, तिसरं तिच्या बांगड्या मोजत होतं आणि चुकत होतं. भिंगरीने बापाचं बोट धरलं होतं. मावशीने तिला ये म्हटलं नाही, नाव विचारलं नाही, नुसती मांडी थोडी सरकवून जागा केली. आणि कार्टीने बोट सोडलं, तुरुतुरु गेली आणि जाऊन बसली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तो निघायला लागला तर म्हणते कशी, "बाबा, तू जा."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्र रात्र खांद्यावर टाकून फेऱ्या आपण मारायच्या, दात येताना चावे आपण सोसायचे, आणि ही बया आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. त्याला त्या मावशीच्या मांडीचा, तिच्या बांगड्यांचा, तिच्या त्या न बोलण्याचासुद्धा राग आला. भिंगरीला उचलून घेताना ती रडली, तर रागात आणखी भर पडली. घरी येऊन बायकोला म्हणाला, "फरशी फार वाईट आहे तिथली. पोर ठेचकाळून पडेल."

"मुलं सांभाळणारी माणसं कशी आहेत?"

"माणसं काय, असतात तशीच. पण फरशी बघवत नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली आणि हसून कामाला लागली. हसली म्हणजे तिने त्याचं ऐकलं होतं.

दुसरं पाळणाघर मोठ्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथली फरशी पाहून फरशीवाल्याचा जीव हरखला. पाणसळ लावून बघावी तर बुडबुडा अगदी मधोमध थांबेल, आणि सांधे असे की नखही शिरणार नाही. त्याने चोरून दोन-चार ठिकाणी ठोकून पाहिलं, सगळं भरीव. चालवणाऱ्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या. मुलं ओळीने खाली, प्रत्येकाला एक फरशी ठरवून दिलेली, ज्याने त्याने आपल्या फरशीत बसायचं. एवढी मुलं आणि आवाज म्हणून नाही. भिंगरीने बापाच्या पायाला जी मिठी मारली ती सोडेचना. पँटमध्ये तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी फरशीवाला सुखावला. पोर रडतेय आणि बापाच्या पोटात गार गार वाटतंय. ही खुर्चीवरची बाई आपली जागा सात जन्मांत घेणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. "हेच नक्की करू," तो म्हणाला.

सुरुवातीला सगळं त्याच्या मनासारखं झालं. सकाळी भिंगरी दारात रडायची, संध्याकाळी तो घ्यायला गेला की गळ्यात पडायची आणि घर येईपर्यंत सोडायची नाही. बायको म्हणायची, "अजून रुळली नाही का हो?" हा म्हणायचा, "रुळेल की, घाई कसली." मनात म्हणायचा, नाही रुळली तरी चालेल.

मग तिचं रडणं थांबलं. बाईंनी सांगितलं, आता शहाणी झाली. फरशीवाल्याला ते ऐकून धस्सच झालं, म्हणजे तिथेही जीव लागला की काय. रागारागातच तिला घरी आणलं आणि हातपाय धुऊन म्हणाला, चल खेळू. टेबलाजवळ बसला. फरशीवर दोनदा टकटक केलं. "आहे का कुणी घरात?"

टेबलाखाली कुणी नव्हतं. भिंगरी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसली होती. एकाच फरशीच्या आत, गुडघे छातीशी घेऊन, पायाची बोटं आत ओढून. त्याने परत टकटक केलं. तिने त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"अगं ये की इकडे."

"रेघेवर पाय नाही ठेवायचा," ती हळूच म्हणाली. "बाई ओरडतात."

जन्मभर हजारो सांधे भरले त्याने. त्यांतला एखादा आपल्या लेकीला ओलांडता येणार नाही, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो गुडघ्यांवर रांगत गेला, तिला फरशीबाहेर उचलून घेतलं आणि भिंतीला टेकून नुसता बसून राहिला.

बायको आली तेव्हा तो तसाच होता. म्हणाला, "उद्यापासून तिथे नको. मावशीकडे घालू."

"तिथली फरशी वाईट ना?"

"फरशीचं काही नाही. भिंगरी तिच्याकडे गेली ती वळून बघेना. ते मला सोसलं नाही. इथे रडली तर बरं वाटलं मला. म्हणून हे निवडलं."

त्याला वाटलं आता ही आकाशपाताळ एक करणार, आणि तसंच व्हायला हवं होतं. पण बायको पिशवी खांद्यावरच ठेवून उभी राहिली. "मी रोज सकाळी या दारातून निघायचे," ती म्हणाली, "आणि ती तुमच्या मांडीवर. येते गं म्हटलं तरी मान वर करायची नाही. जिन्यात मला किती वेळा वाटायचं, आज तिने तुमच्याकडे थांबायला नको म्हणून रडावं. जळायचे मी तुमच्यावर. पण म्हणून तुमच्या मांडीवरून तिला काढली नाही."

सकाळी तो भिंगरीला मावशीकडे घेऊन गेला.

मावशीने मागचं काही विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो थापी आणि हातोडी घेऊन गेला, सुटलेल्या फरश्या बसवल्या, सांधे भरले. उंबऱ्याजवळच्या फरशीला हात घातला तेव्हा मात्र मावशी म्हणाली, "ती राहू द्या, भाऊ. पोरं तिच्यावर नाचतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी दारात आली, त्या फरशीवर उडी मारून बघितली, खटखट वाजली तशी खुदकन हसली. मग खाली बसली आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. उत्तर द्यायला फरशीवाल्याचा हात आपोआप दाराच्या चौकटीकडे गेला. पण ती बघत होती मावशीकडे. मावशी कण्हत कुंथत वाकली आणि तिनेही दोनदा ठोकलं. भिंगरी खिदळली.

तो जळला. अगदी पहिल्या दिवशी जळला होता तसाच, तसूभरही कमी नाही. "येतो गं," म्हणाला. तिने मान वर केली नाही. तो दार हळू लोटून कामावर गेला.

नव्या इमारतीत आधीच्या माणसाने बसवलेला मजला तपासायचं काम होतं. दिवसभर तो एकेक फरशी दोनदा ठोकत पुढे सरकला आणि दर वेळी सवयीने जरासा थांबला. सगळ्या भरीव निघाल्या. उत्तर एकीनेही दिलं नाही.